‘बाळ माझ्याकडे राहतच नाही’

पुरुष समुपदेशनाला सहसा आपणहून येत नाहीत, पाठवले जातात. प्रसादलाही त्याच्या बायकोनंच पाठवलं होतं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) फोनवर ती एवढंच म्हणाली होती, “ह्यांना मुलगी नकोशी झालीय की काय, कळत नाही. हातातच घेत नाहीत.”

आपल्याकडे अशा वाक्याचा पहिला अर्थ काय लावला जातो, ते सांगायला नको. मुलगी झाली म्हणून बाप नाराज! सासरवाडीतही तशी कुजबुज झाली होती. मी आडवळण न घेता तोच प्रश्न आधी विचारला. प्रसादचा चेहरा उतरला. “मॅडम, मुलगी व्हावी म्हणून नवस बोललो होतो मी,” तो म्हणाला. मग बराच वेळ गप्प. आणि मग: “पण मला काही वाटतच नाही. सगळे म्हणतात, बाळाला बघितलं की पोटात कालवतं. मला भीती वाटली फक्त. आता घ्यायला गेलो की ती रडते. माझ्याकडे राहतच नाही.”

‘मला काही वाटत का नाही?’ हा प्रश्न नवे बाप वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, पण विचारतात फार उशिरा. तोवर घरात निष्कर्ष काढून झालेला असतो.

प्रसाद चाकणच्या एका कारखान्यात पाळ्यांत काम करतो. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं सातव्या महिन्यात ओटीभरण झाल्यावर बायको सांगलीकडे गेली. मुलगी झाली तेव्हा हा रात्रपाळीला होता. सकाळी सुटल्यावर मिळेल ती एसटी धरून पोचला. दवाखाना आणि पुढे बारसं यात शिल्लक रजा संपली. त्यानंतर सुट्टीला जायचा तो जावई म्हणून. सासूबाई गोडाचं करणार, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ मांडीवर ठेवणार, कुणीतरी फोटो काढणार, बाळानं जरा तोंड वाकडं केलं की उचलून आत नेणार. “ती खोली बायकांचीच होती. धुरी, शेक, मालिशवाल्या मावशी. मी दारात गेलो की सगळ्या सावरून बसायच्या. मग मी अंगणात.”

तीन महिन्यांनी मायलेकी चिंचवडच्या फ्लॅटमध्ये आल्या, आणि अंगणातल्या जावयानं एका रात्रीत बाप व्हावं, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्याची स्वतःचीसुद्धा.

मी त्याला झोप, जेवण, चिडचिड, दारू यांबद्दल बारकाईनं विचारलं. दारू नव्हती. ओव्हरटाइम मात्र वाढला होता. कारण पैशाचं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. फ्लॅटचा हप्ता होता, डायपर आणि दवाखान्याचा खर्च होता. पण आणखी थोडं बोलल्यावर म्हणाला, “दहाला पोचलो की झोपलेली असते. मग बसतो बघत. झोपलेली असली की रडत नाही ना.” ज्याला मूल नकोसं असतं तो असं बघत बसत नाही, हे मी त्याला तिथंच सांगितलं.

इथं थोडं डॉक्टरी बोलायला हवं. बाळंतपणानंतरचं नैराश्य फक्त आईला येतं, असा समज आहे. २०१० मध्ये अनेक देशांतली संशोधनं एकत्र करून केलेल्या एका पाहणीत सुमारे १० टक्के बापांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली, आणि ती बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना सर्वांत जास्त होती. पुरुष रडून दाखवत नाहीत. ते चिडतात, घरी यायचं टाळतात, कामात बुडतात, पितात. हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, झोप उडाली, जगण्यात रस उरला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटावं. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. प्रसादची गाडी तिथवर गेली नव्हती. त्याला बाळाचं काही करायला येत नव्हतं, आणि त्याची लाज वाटत होती.

बापाचं शरीरही बाळामुळं बदलतं, हे ऐकून तो चकित झाला. फिलिपिन्समधल्या सेबू इथं सहाशेवर तरुणांचा काही वर्षं मागोवा घेतला गेला. निष्कर्ष २०११ मध्ये आले. जे दरम्यान बाप झाले, त्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, इतरांपेक्षा जास्त उतरलं होतं. बाळाचं रोज तीन तास किंवा जास्त करणाऱ्यांमध्ये ते, काहीच न करणाऱ्या बापांपेक्षा कमी होतं. म्हणजे बाळाचं करणं आणि हा बदल बरोबरीनं दिसतात. ओढ आधी आणि दुपटी बदलणं मागाहून, असा क्रम नसतो. निदान बापांच्या बाबतीत मी तरी बहुतेक वेळा उलटाच पाहिला आहे.

म्हणून त्याला एकच काम दिलं: मुलीची आंघोळ. पाळी कुठलीही असो, त्या दिवशीची आंघोळ त्याची. आणि तेवढा अर्धा तास बायको घरात नसेल.

ही दुसरी अट जड गेली. पुढच्या वेळी दोघं आले तेव्हा कळलं की ती खाली जायच्या ऐवजी न्हाणीघराच्या दारात उभी राहत होती. “मान धरा, अहो, मान! पाणी गार झालं. डोळ्यांत साबण जाईल.” मुलगी रडली की घेतलीच. मी म्हटलं, तुम्ही घेतलीत की दोघंही तिथंच थांबतात. ह्यांना उगी करायला येत नाही आणि तिला ह्यांचा हात कळत नाही. ती उसळली. “मग मला काय जन्मतः येत होतं? पहिल्या दिवशी पाजताना मी रडले होते. आईनं तीन महिने शेजारी बसून शिकवलं मला!”

बोलली आणि स्वतःच थांबली. मला पुढं काही सांगावं लागलं नाही. त्या आठवड्यापासून ती भाजी आणायला जाऊ लागली.

सुरुवातीला मुलगी टाहो फोडायची, शेजारीण बेल वाजवून गेली म्हणे. डायपर उलटा लागला. झबल्याचे बंद मागं की पुढं, यावर फोन झाले. काही आठवड्यांनी बादलीत पाणी पडायला लागलं की ती पाय झाडू लागली, हे प्रसादनं सांगितलं ते अगदी कोरडेपणानं, मशीनचा अहवाल द्यावा तसं. मी विचारलं, आता काही वाटतं का? “राग येतो कधीकधी. रात्री तीनला तर फारच. पण कामावर असताना तिच्या आंघोळीची वेळ झाली की घड्याळाकडे लक्ष जातं.” राग येतो म्हणाला, हे मला बरं वाटलं, परक्याच्या बाळाचा कुणाला एवढा राग येत नाही.

माहेरच्या बाळंतपणाला माझा विरोध नाही. बाळंतिणीला जी विश्रांती तिथं मिळते ती दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मिळायची नाही. मात्र बायकोला पोचवायला निघालेल्या भावी बापांना मी रजेचं गणित वेगळं मांडायला सांगते. खासगी नोकरीत पितृत्व रजेचा देशव्यापी कायदा नाही; मालक देईल ती खरी. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात, दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असतील तर, आणि ती बाळाच्या जन्मापासून सहा महिन्यांच्या आत घेता येतात. बहुतेकजण सगळी रजा दवाखान्यात आणि बारशात संपवतात, जिथं करायला दहा माणसं असतात. निम्मी तरी मागं ठेवा. मायलेकरं परत आली, सोबतीला आलेली आजी गावी गेली, की दुसऱ्या दिवसापासून ती लावा. आणि तोवर सासरवाडीला गेलात की सासूबाईंना सांगा, “आज ढेकर मी काढतो.” त्या हसतील. हसू द्या.