काटा उतरला, पण पायातलं बळ?

“वय ६६. चार महिने संध्याकाळचं जेवण बंद केलं, रोज तासभर चालले. वजन ६८ वरून ६१ किलो झालं. घरीदारी कौतुक होतं, पण आता ओट्यावरून उठताना हात टेकावा लागतो, भरली कळशी उचलवत नाही. माझं काय चुकलं?”
– एक आक्का, अमळनेर

आक्का, चार महिने नेम पाळलात, हे थोडं नाही. पण त्या सात किलोंत चरबीबरोबर स्नायूही गेले असावेत. पाळी गेल्यावर ते तसेही आटत जातात. त्यात जेवण तोडलं की शरीर स्नायू मोडून खातं, आणि वजनकाट्याला दोन्ही सारखेच. तरी आधी डॉक्टरांकडे शुगर, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. अशक्तपणा त्यानेही येतो.

चालणं चालू ठेवा, पण स्नायूला ओझं लागतं. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीशी धरा, उठा आणि बसा. उठताना श्वास कोंडू नका. जमत नसेल तर बसायला जाड उशी घ्या, म्हणजे कमी वाकावं लागेल. तुमच्या वयाच्या बाईला अर्ध्या मिनिटात निदान ११ वेळा उठता यावं. दिवसाआड करा. मग पाण्याच्या लिटरभर बाटल्या हातात घ्या.

संध्याकाळचं ताट मात्र परत वाढून घ्या. या वयात किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे तुम्हाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कळण्याची भाकरी तर आपल्या घरातलीच; ज्वारीत जे कमी पडतं ते उडीद भरून काढतो. सोबत घट्ट वरण, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे, चालत असेल तर अंडं. उपासाला नुसता साबुदाणा नको, त्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच.

वय झालं म्हणून आता काय होणार, असं मनात आणू नका. १९९४ साली बोस्टनचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमातली माणसं, सरासरी वय ८७. दहा आठवडे वजनाचे व्यायाम केले, तर पायांची ताकद दुपटीच्या वर गेली. नुसता पूरक आहार घेणाऱ्यांना मात्र तसा फायदा झाला नाही. तुम्ही तर त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान.

दोन महिन्यांनी पुन्हा लिहा. वजन नका कळवू, हात न टेकता किती वेळा उठलात ते कळवा.