महिन्याला दहा-बारा पानं छापणाऱ्या घराने कोणता प्रिंटर घ्यावा, आणि कंपनी वॉरंटी नाकारते तेव्हा काय करावं?

तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे: दादरला राहता, मुलांच्या शाळेसाठी इंक टँक (बाटलीतून टाकीत शाई भरायचा) प्रिंटर घेतला, महिन्याला जेमतेम दहा-बारा पानं निघतात. वर्ष व्हायच्या आत काळी शाई येईनाशी झाली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, बाहेरची शाई वापरली असणार, हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, वॉरंटीत बसत नाही. आता नवा कोणता घ्यावा, असं विचारताय. इतक्यात घेऊ नका. जुन्याचा निकाल अजून लागायचाय.

मी काही वर्षं एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये इंजिनिअर होतो, आता अंधेरीत स्वतःचं रिपेअरिंग करतो. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. फोनवर कोण काय बोललं याला तिथे काडीची किंमत नसते. किंमत असते ती जॉबशीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या तक्रार-नोंदीच्या कागदावर, काय लिहिलंय याला. तुमच्या जॉबशीटवर ‘बाहेरची शाई’ असं लिहिलंय का, की नुसतं तोंडी सांगितलं? तोंडी असेल तर उद्याच जा आणि नकाराचं कारण लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच सूर बदलतो, कारण लिहून दिलं की ते सिद्ध करायची पाळी त्यांच्यावर येते. शाईच्या बाटल्यांची बिलं असतील तर त्यांची झेरॉक्स जोडा, रिकाम्या बाटल्या असतील तर टाकू नका.

वॉरंटी कार्डावरची बारीक अक्षरंही वाचा. इंक टँकची वॉरंटी बऱ्याचदा ‘एक वर्ष किंवा इतकी पानं, यातलं जे आधी होईल ते’ अशी असते. तुमची पानं त्या मर्यादेच्या आसपासही नसणार. प्रिंटरमधून स्टेटस पेज, म्हणजे त्याची माहिती छापलेलं पान, काढा. काळी शाई नसेल तर कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये एकूण पानांचा आकडा बहुधा दिसतो, त्याचा फोटो ठेवा. अजून एक: इंजिनिअर घरी आला की जायच्या आधी ओटीपी मागतो. त्या ओटीपीने तक्रार ‘सुटली’ म्हणून बंद होते. तुमच्यासमोर नीट पान निघाल्याशिवाय तो देऊ नका. आणि कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावरूनच घ्या, गुगलवर शोधून नको. तिथे कस्टमर केअरच्या नावाने लुबाडणारे टपून बसलेत.

एवढ्याने हलले नाहीत, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. फुकट आहे, आणि कंपन्या तिथली तक्रार काउंटरवरच्या माणसापेक्षा गांभीर्याने घेतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या ठिकाणीच दावा लावता येतो, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दावा लावायची मुदत दोन वर्षांची. प्रिंटरसाठी आयोगापर्यंत जायला मी स्वतः कंटाळेन, पण कंपनीला नोटीस पाठवायला काय जातंय? मसुद्यासाठी मुंबई ग्राहक पंचायत या ग्राहकांच्या संस्थेचा सल्ला घ्या. 1975 पासून हेच काम करतात.

आता हेड का गेलं. तुम्ही प्रिंटर बंद कसा करता? भिंतीवरच्या बटणाने ना? मुंबईतल्या निम्म्या घरांत हेच दिसतं, वीज वाचवायची सवय. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड बाजूला जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि नोझल, म्हणजे शाई सुटायची बारीक छिद्रं, झाकली जातात. मधेच करंट तोडला की हेड असेल तिथे उघडं राहतं, शाई सुकते. त्यात महिना-महिना पान निघत नाही. घरातला प्रिंटर कामाने थकत नाही, बसून बसून गंजतो म्हणा. आठवड्याला एक रंगीत पान काढलं असतं तर बहुधा ही वेळ आली नसती. आता सारखं हेड क्लीनिंगही मारू नका. दोनदा करून फरक नाही पडला तर बारा तास तसंच ठेवा, मग पुन्हा एकदा. प्रत्येक क्लीनिंगला शाई जाते ती आतल्या शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये, आणि ते पॅड भरलं की मशीन वेगळंच नाटक करतं.

पावसाळ्यात कागदाची रिम उघडी ठेवू नका. कागद ओल धरतो, वळतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. लोक रोलरला शिव्या देतात, रोलर बिचारा ठीक असतो. उरलेली पानं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात. प्रिंटरवर कापड टाका, कारण ऊब मिळते म्हणून झुरळं आणि पाली आत शिरतात, आणि जॉबशीटवर ‘किडे आढळले’ लिहिलं गेलं की वॉरंटी गेलीच समजा.

नवा घ्यायचाच झाला तर तुमच्या घरासाठी माझं मत ब्लॅक अँड व्हाइट लेझर. टोनर ही कोरडी पूड असते, दोन महिने हात लावला नाही तरी सुकायचा प्रश्न नाही. मशीन शाईवाल्यापेक्षा महाग वाटेल, आणि बॉक्समध्ये येणारा पहिला टोनर बऱ्याचदा कमी भरलेला असतो, हे धरून चाला. कॉम्प्युटरच्या यूपीएसवर मात्र लावू नका. आतला हीटर तापताना एकदम भरपूर करंट ओढतो. प्रोजेक्टची रंगीत चित्रं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढा, वर्षाकाठी स्वस्तच पडेल.

मुलं रंगीतच हवं म्हणून हटून बसली, तर हेड बाहेर काढून बदलता येतं असाच इंक टँक घ्या. कॅननच्या जी मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलांत तसं करता येतं. एप्सनमध्ये हेड आतच बसवलेलं असतं. मशीन चांगलं, पण वॉरंटीनंतर हेड गेलं तर खर्च इतका येतो की गिऱ्हाईक नवाच घेतं. दुकानात जाण्याआधी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्यापासून किती लांब आहे आणि वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की मशीन तुम्ही उचलून न्यायचंय, हे विचारून घ्या. गर्दीच्या वेळी तो खोका घेऊन लोकलमध्ये चढायचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.