भारत आणि अमेरिकेच्या न्यूजप्रिंट (वर्तमानपत्राचा कागद) आयातीची वर्षानुवर्षांची तुलना कशी करावी?

रुपये-डॉलर बाजूला ठेवा, वजन धरा. किमती इतक्या वरखाली होतात की मूल्याच्या आलेखावरून कागद किती आला हे कळतच नाही. दोन्हीकडे सीमाशुल्काचा ४८०१ हाच कोड घ्या. अमेरिकेच्या जुन्या तक्त्यांत 'शॉर्ट टन' (सुमारे ९०७ किलो) असतो, तो आधी मेट्रिक टनात बदला. आपले वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचे बहुधा जानेवारी ते डिसेंबर. म्हणून महिनावार आकडे मिळाले तर सोन्याहून पिवळं.

पण नुसत्या आकड्यांनी फसाल. अमेरिकेत १९१३ पासून न्यूजप्रिंटवर जकात नव्हती आणि कॅनडा शेजारीच, त्यामुळे तिथली आयात बऱ्याच अंशी वाचकांच्या मागणीनुसार हलते. आपल्याकडे १९६२ च्या न्यूजप्रिंट नियंत्रण आदेशानंतर वृत्तपत्रांच्या कागदाचा कोटा सरकार ठरवी. पुढे तर वृत्तपत्रांवर दहा पानांची मर्यादाही आली, जी सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये बेनेट कोलमन ('टाइम्स ऑफ इंडिया'ची कंपनी) खटल्यात रद्द केली. म्हणजे त्या काळातला आपला कमी आकडा ही मागणी नव्हे, परकीय चलनाची टंचाई. हा फरक बरेच जण विसरतात.

अलीकडचं पाहायचं तर २०१८ साली अमेरिकेने कॅनडाच्या कागदावर लावलेलं आणि त्याच वर्षी उठवलेलं शुल्क, भारतात २०१९ ला १० टक्के आणि २०२० ला ५ टक्के झालेलं सीमाशुल्क, मग कोविड, या खुणा आलेखावर आधीच करून ठेवा.