अनेक वर्षांच्या अंगदुखीत आणि घरच्या अडचणींत विणकामाने खरोखर आराम मिळतो का?

अनेक वर्षांची अंगदुखी आणि न संपणाऱ्या घरगुती अडचणी यांत विणकामाचा खरोखर उपयोग होतो का, की ते केवळ मन गुंतवणे आहे, आणि हातही दुखत असतील तर ते शिकावे का, असे तुम्ही विचारले आहे. कंबरदुखी आणि डाव्या पायात उतरणाऱ्या कळा मला बऱ्याच वर्षांपासून आहेत आणि त्यांतला बराचसा काळ माझ्या हातात सुया आहेत, म्हणून हे उत्तर लिहीत आहे. पहिली गोष्ट स्पष्ट सांगते. विणकामाने वेदना जात नाही. माझी गेलेली नाही, आणि ती जाईल या अपेक्षेने कोणी सुया हाती घेऊ नयेत. औषधे, व्यायाम आणि डॉक्टरांचा सल्ला यांची जागा लोकर घेऊ शकत नाही. मात्र दुखणे असतानाही दिवसातला काही वेळ आपल्या ताब्यात राहतो ही जाणीव मला विणकामाइतकी दुसऱ्या कशानेही दिली नाही, आणि दीर्घकाळ दुखणे सोसणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

‘केवळ मन गुंतवणे’ या तुमच्या शंकेकडे आधी वळते, कारण ही शंका दुखणाऱ्या माणसाला फार छळते. मन गुंतल्यावर दुखणे कमी जाणवले, तर ते मुळात खरे नव्हतेच की काय, असे आपल्याला वाटू लागते आणि आजूबाजूचे लोकही कधीकधी तसे सुचवतात. वेदनेचा अभ्यास मात्र निराळे सांगतो. वेदनेच्या अभ्यासासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये सुधारलेल्या व्याख्येत वेदनेला संवेदना आणि भावना यांचा मिळून होणारा अप्रिय अनुभव मानले आहे. त्याच्याही कितीतरी आधी, 1965 मध्ये, रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी असा सिद्धान्त मांडला की इजेचे संदेश मेंदूपर्यंत जसेच्या तसे पोहोचत नाहीत; मज्जारज्जूमध्ये त्यांच्या वाटेवर जणू एक दार असते, आणि स्पर्शाचे इतर संदेश तसेच मेंदूकडून खाली येणारे संदेश ते दार कमीअधिक उघडू किंवा लोटू शकतात. कोपर आपटल्यावर आपण ते नकळत चोळतो आणि थोडे बरे वाटते, त्याचे स्पष्टीकरण या सिद्धान्ताने मिळते. पुढील संशोधनात त्याच्या तपशिलांत पुष्कळ बदल झाले, पण आपले लक्ष, भीती आणि मनःस्थिती यांनुसार वेदना खरोखरच कमीजास्त होते, हे त्याचे मूळ प्रतिपादन टिकून आहे. तेव्हा मन गुंतल्याने दुखणे कमी जाणवणे हा दुखणे खोटे असल्याचा पुरावा नाही. मज्जासंस्थेचे कामच तसे चालते.

दुसरे असे की तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या दुखण्याला दीर्घकालीन वेदना म्हणतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. अशा वेदनेत पुष्कळदा मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था अतिसावध झालेली असते आणि साध्या हालचालीलाही धोक्याची सूचना देत राहते. अशा सावध शरीराला शांत, ठरावीक आणि बिनधोक हालचाल पुन्हापुन्हा मिळाली तर ते सैल पडते, हा माझा अनुभव आहे. विणकामात दोन्ही हात एका लयीत चालतात, सूत बोटांवरून सरकत राहते आणि प्रत्येक टाका आधीच्या टाक्यासारखाच असतो. श्वासही हळूहळू त्याच लयीत येतो. त्यासाठी मला वेगळा प्रयत्न करावा लागत नाही. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देण्याचा सल्ला अनेकांना लागू पडतो, पण दुखणे जोरात असताना मला ते जमत नाही, कारण डोळे मिटले की दुखण्याखेरीज काही उरतच नाही. दूरचित्रवाणी पाहताना मन भरकटून दुखण्यावर येते आणि पुस्तक वाचताना तीच ओळ पुन्हा वाचावी लागते. विणकाम नेमके मधले आहे. ते लक्ष मागते, पण इतकेही नाही की थकलेल्या माणसाला ते पेलू नये.

याविषयी संशोधन आहे, पण त्याची मर्यादा लक्षात घेऊन त्याकडे पाहावे. बेटसन कॉर्कहिल या ब्रिटिश बाईंनी फिजिओथेरपीचे शिक्षण घेतले होते, आणि पुढे हस्तकलेच्या नियतकालिकांत काम करताना विणकामाने आजारपणात आणि नैराश्यात आधार मिळाल्याची वाचकांची पत्रे त्यांच्याकडे येऊ लागली. त्यांतून त्या या विषयाकडे वळल्या. जिल रायली, कॉर्कहिल आणि क्लेअर मॉरिस यांनी जगभरातील सुयांवर विणकाम करणाऱ्या 3,545 जणांची ऑनलाइन पाहणी करून तिचे निष्कर्ष 2013 मध्ये व्यवसायोपचाराच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) एका ब्रिटिश संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध केले. जे अधिक वेळा विणतात त्यांनी आपण अधिक शांत आणि आनंदी असतो असे सांगितले, आणि गटात बसून विणणाऱ्यांना लोकांशी संबंध वाढल्याचाही लाभ जाणवला. परंतु उत्तरे देणारे सगळे आधीपासून विणकाम आवडणारे होते आणि त्यांनी स्वतःविषयी स्वतःच सांगितले होते. त्यामुळे विणकामाने हे घडले असे त्यावरून सिद्ध होत नाही. इतक्या लोकांना तसे वाटते, एवढे मात्र निश्चित कळते. मला ते पुरेसे वाटते, कारण विणकाम करून पाहण्यात फारशी जोखीम नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मी विणकाम कधी सोडले नाही, त्याविषयी लिहिते. दीर्घकालीन वेदना माणसाकडून उद्याची खात्री काढून घेते. उद्या उठता येईल का, तासभर बसता येईल का, हे माहीत नसल्यामुळे आपण कोणाला शब्द देईनासे होतो आणि हळूहळू कोणतेही काम हाती घेईनासे होतो. बहुतेक कामे अर्ध्यावर सोडली की बिघडतात किंवा दुसऱ्या कोणाला तरी पूर्ण करावी लागतात. विणकामाचे तसे नाही. कळ आली, कोणी हाक मारली किंवा बसवेना, तर ओळ पूर्ण करून सुया गुंडाळून ठेवाव्यात. ओळ पूर्ण करणेही शक्य नसेल तर टाके सुईच्या टोकापासून मागे सरकवून तसेच ठेवावेत. चार दिवसांनी किंवा चार महिन्यांनी काम जिथे सोडले तिथेच सापडते. चुकले तर उसवता येते आणि उसवलेली लोकर पुन्हा वापरता येते. ज्या आयुष्यात सगळेच मधेच तुटते, त्यात मधेच तुटण्याने न बिघडणारे काम मिळणे किती मोलाचे आहे, हे निरोगी माणसाला समजावून सांगणे कठीण जाते. तुम्हाला ते सांगावे लागणार नाही असे वाटते.

दुखण्याच्या दिवसाचा हिशेब आपण नेहमी न झालेल्या कामांनी करतो. कपडे राहिले, फोन करायचा राहिला, जायचे होते तिथे जाता आले नाही. अशा दिवशी विणलेल्या सहा ओळीही डोळ्यांना दिसतात आणि बोटांना लागतात. त्या कोणी नाकारू शकत नाही, आणि मुख्य म्हणजे मी स्वतःही नाकारू शकत नाही.

घरच्या अडचणींबाबतही विणकामाचा आधार मला याच प्रकारे मिळाला. पैशांची ओढाताण त्याने मिटत नाही आणि माणसांतले मतभेदही मिटत नाहीत. पण अडचणींचा मोठा भाग वाट पाहण्याचा असतो. तपासणीचा निकाल यायचा असतो, कोणाचा तरी निर्णय व्हायचा असतो, आजारी माणसाशेजारी रात्र काढायची असते. घरात एक दीर्घ आजारपण चालू होते तेव्हा मी उशापाशी बसून विणत असे, आणि तेव्हा लक्षात आले की माझी नजर सुयांवर असली की रुग्णाला बोलणे सोपे जाते. समोर बसून एकटक पाहणाऱ्या माणसाला जे सांगता येत नाही, ते विणणाऱ्या माणसाला सांगता येते, आणि गप्प राहायचे असेल तर ती शांतताही अवघड वाटत नाही. वाट पाहण्याचा वेळ विणकामाने कमी झाला नाही, पण तो सगळाच्या सगळा काळजीत गेला नाही.

आणखी एक गोष्ट अनेकदा दुर्लक्षित राहते. सतत आजारी असणारा माणूस सतत मदत घेणारा होतो आणि त्याचे ओझे दुखण्यापेक्षा कमी नसते. आपल्या हाताने विणलेली टोपी किंवा मफलर कोणाला देता आला की ही बाजू थोडी तरी बदलते. नवजात बाळासाठी विणलेली लहानशी टोपी देताना मला जे समाधान मिळते, ते माझ्या प्रकृतीची चौकशी करणाऱ्यांच्या सहानुभूतीतून कधी मिळाले नाही.

हात दुखत असताना शिकावे का, याचे उत्तर दुखण्याच्या कारणावर अवलंबून आहे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत मुंग्या येत असतील आणि त्या रात्री वाढत असतील, तर मनगटापाशी मज्जातंतूवर दाब येत असण्याची शक्यता असते. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेला दुखत असेल तर तिथल्या स्नायुबंधाच्या आवरणाला सूज असू शकते. दोन्ही बाबतींत विणण्याने त्रास वाढू शकतो, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे. संधिवातात सांधे सुजून गरम झाले असतील त्या दिवसांत हातांना विश्रांती द्यावी, आणि एरवी किती विणावे हे फिजिओथेरपिस्ट किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञांना विचारावे. असे काही नसेल तर बसण्याकडे लक्ष द्या. पाठीला आणि कोपरांना आधार हवा, खांदे वर उचललेले नसावेत, मनगटे सरळ राहावीत आणि काम मांडीवर किंवा उशीवर टेकलेले असावे.

किती वेळ विणायचे, यावर सगळ्यात अधिक भर द्यावासा वाटतो. दुखू लागेपर्यंत विणून मग थांबणे ही चुकीची पद्धत आहे. बऱ्या दिवशी तास न् तास विणायचे आणि पुढचे तीन दिवस हात उचलायचा नाही, या चक्रात अडकले की जे आधारासाठी घेतले त्याचीच भीती बसते. वाईट दिवशीही जेवढा वेळ सहज जमेल तेवढाच वेळ सुरुवातीला ठरवा, मग तो दहाच मिनिटांचा का असेना. घड्याळाचा गजर लावा आणि गजर झाला की हात चांगले चालत असले तरी थांबा, उठा, बोटे आणि खांदे मोकळे करा. वेळ वाढवायचा तो अगदी थोडाथोडा. आणि जे दिवस फारच वाईट असतात, त्या दिवशी मी सुयांना हात लावत नाही.

साहित्य साधे घ्या. सुमारे पाच मिलिमीटर जाडीच्या बांबूच्या किंवा लाकडी सुया धातूच्या सुयांपेक्षा हलक्या असतात आणि त्यांवरून टाके पटकन घसरत नाहीत, त्यामुळे नवशिक्याला सुया घट्ट आवळून धराव्या लागत नाहीत. लवचिक तारेने जोडलेली सर्क्युलर सुई मिळाली तर अधिक चांगले, कारण विणलेल्या कापडाचे वजन मनगटावर न येता तारेवरून मांडीवर उतरते. तिच्यावर सपाट विणकामही नेहमीसारखेच करता येते. लोकर मध्यम जाडीची, गुळगुळीत आणि फिक्या रंगाची घ्या, कारण गडद रंगात टाके दिसत नाहीत आणि डोळे व मान दोन्ही ताणली जातात. सुती दोरा सुरुवातीला नको. तो ताणला जात नाही, त्यामुळे सगळा ताण बोटांवर येतो.

सुरुवात पंचवीस-तीस टाके घालून करा आणि दोन्ही बाजूंनी फक्त सुलट, म्हणजे विणकामातला पहिला साधा टाका, विणत राहा. एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट आणि एक सुई उलट अशी वीण दिसायला सुबक असते, पण तिच्या कडा आत वळतात आणि नवशिक्याला आपलेच काही चुकले असे वाटते. सगळ्या सुया सुलट विणल्या तर कापड सपाट राहते. टाके घट्ट होत असतील तर ते भीतीमुळे होतात, लोकर सुटेल या धास्तीने आपण ती ओढून धरतो. निसटलेला टाका क्रोशाच्या सुईने परत वर घेता येतो हे एकदा शिकून घेतले की हात सैल होतात. आणि पहिले काही महिने कोणाला अमुक दिवसापर्यंत अमुक विणून देईन असे कबूल करू नका. दुखणे असलेल्या माणसाने तारीख दिली की विणकामही राहिलेल्या कामांच्या यादीत जाऊन बसते, आणि त्या यादीतून ते बाहेर ठेवायचे आहे.