१९६६ च्या फोर्ड मस्टँग गाडीचा पॉवर टप (बटण दाबून उघडमीट होणारं घडीचं छत) अर्ध्यात अडकलाय, मोटर वाजते पण टप हलत नाही. काय करू?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, रागावू नका. टप वर येता येता समोरच्या काचेपासून हातभर अंतरावर थांबला, मागून मोटर नुसती गुरगुरते, गाडीला गॅरेज नाही आणि परवापासून पाऊस सांगितलाय. असंच काहीसं मीही भोगलंय, तेही शेकडो लोकांसमोर. ते नंतर सांगतो.

आधी बटणावरून बोट काढा. 'अजून एकदा बघू' करत पंधरा वेळा दाबलं तर मोटर तापून जळेल आणि आज थोड्याशा तेलात भागणारं काम महागात जाईल. आणि कृपा करून शेजाऱ्याला बोलावून एका बाजूने टप रेटू नका. टपाचा सांगाडा कात्रीसारख्या सांध्यांवर उभा असतो. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे राहिली की पट्ट्या वाकतात, आणि वाकलेला सांगाडा पुन्हा सरळ बसवणारा माणूस हल्ली शोधून सापडत नाही.

आता हे चालतं कसं ते समजून घ्या, म्हणजे दोष कुठे आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल. मागच्या सीटच्या पाठीमागे एक इलेक्ट्रिक मोटर असते, तिला पंप आणि तेलाची छोटी टाकी जोडलेली. मोटर दोन्ही दिशांना फिरते. एका दिशेला फिरली की तेल टप उचलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सिलिंडरमध्ये खालून शिरतं, दांडे बाहेर येतात आणि टप वर उचलला जातो. उलटी फिरली की तेल वरच्या बाजूने शिरतं आणि टप खाली येतो.

मेख अशी आहे की सिलिंडरच्या वरच्या भागात दांड्याने जागा अडवलेली असते, खालच्या भागात नसते. म्हणजे टप वर जाताना खाली जेवढं तेल लागतं, तेवढं वरून परत येत नाही. फरक टाकीतून भरून निघतो. टाकीत तेल आधीच कमी असेल तर सुरुवातीला टप झोकात उठतो आणि अर्ध्यावर गेला की पंप तेलाऐवजी हवा ओढायला लागतो. गुरगुर चालू, टप जागच्या जागी. तुमचं वर्णन तंतोतंत हेच आहे, म्हणून माझा पहिला संशय तेलावर. मोटर बिचारी बहुधा ठणठणीत आहे.

तेल कमी झालं म्हणजे ते कुठेतरी गेलं. मागच्या सीटची बैठक काढा, मग पाठ काढा, मग दोन्ही बाजूंचे आतले पत्रे. टॉर्च घेऊन सिलिंडरच्या तोंडाशी, जिथून दांडा बाहेर येतो तिथे, पांढरा कागद फिरवा. कागद लालसर, तेलकट झाला तर चोर सापडला. मस्टँगमध्ये ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं लाल तेल असतं, त्यामुळे डाग लपत नाही. नळ्यांचे सांधे आणि खालचा गालिचाही चाचपून बघा. माझ्या गाडीत गालिच्याखालचा नमदा पिळला तर थेंब पडले असते.

इथे एक सावधगिरी. त्याच काळातल्या जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत या कामाला ब्रेक फ्लुइड असायचं. कोणी जाणकार मित्र 'त्यात ब्रेक फ्लुइडच घालतात' म्हणाला तर तो खोटं बोलत नाही, फक्त दुसऱ्या गाडीबद्दल बोलतोय. दोन्ही एकत्र केलं तर रबरी सील फुगतात नाहीतर खराब होतात, वर ब्रेक फ्लुइड सांडलं तर रंग उचकटतं ते वेगळंच.

तेल भरताना टप अर्धा वर आहे हे विसरू नका. टाकी आत्ताच तोंडापर्यंत भरलीत तर टप खाली करताना दांड्यांच्या जागेइतकं तेल परत येईल आणि सगळं गालिच्यावर. थोडं थोडं भरा, टप वर-खाली करा, हवा निघू द्या, पुन्हा भरा. सील गळत असेल तर भरलेलं तेल काही आठवडेच टिकेल. सिलिंडर बदलायचे तर जोडीने बदला. एक नवा आणि एक जुना असला की टप तिरका चालतो.

पण पाऊस परवा आहे आणि सुटे भाग परवापर्यंत येणार नाहीत. तेव्हा टप हाताने वर घ्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. दांड्याचं वरचं टोक सांगाड्याला बोल्टने जोडलेलं दिसेल, ते दोन्ही बाजूंचं सोडवा. सोडवताना एकाने टप धरून ठेवायचाच, कारण दांडा सुटला की तो सगळा भार खाली येतो आणि सांध्यात बोट असेल तर बोट गेलंच. मग दोघांनी दोन्हीकडून एका लयीत उचलून काचेच्या चौकटीवर आणायचा आणि हुक लावायचे. हाताने उचलायला जड वाटेल, पण दोघांना जमतं. १९६६ च्या मॉडेलमध्ये फोर्डने ७२,११९ कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडणाऱ्या, मस्टँग बनवल्या आणि पॉवर टप हा त्यात जादा पैसे मोजून घ्यायचा प्रकार होता. ज्यांनी ते पन्नासेक डॉलर वाचवले, ते आयुष्यभर हातानेच उचलत होते!

दांडे सुटे असताना एक चाचणी फुकटात होते. बॅटरी जोडून बटण दाबा. दांडे दोन्हीकडून सरळ आणि सारखे वर आले तर तेल-पंप ठीक आहे आणि अडचण सांगाड्यात आहे. टप जिथे घडी होऊन बसतो त्या खळग्यातही हात घालून बघा. माझ्या खळग्यात एकदा मुलाची छत्री सापडली होती.

आता माझं पुराण. मी डेट्रॉइटजवळ राहतो. इथे १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, लोक रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून दिवसभर बसतात. गाडीला नुकताच नवा रंग दिला होता, मी मिरवत होतो. दुपारी सर आली. बटण दाबलं, टप फूटभर उचलला आणि मेला. मागून मोटरचा आवाजही नाही. बायको शेजारी छत्री धरून, मागच्या सीटवर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या अंथरलेल्या, अशा थाटात आम्ही घरी आलो. कडेच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एका वर्कशॉपने मोटर बदलली. चार महिन्यांनी पुन्हा तेच. शेवटी कारखान्यातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्याने बघितलं. त्याने एका वायरचं एक टोक सीटबेल्टच्या बोल्टाला लावलं, दुसरं मोटरच्या अंगाला टेकवलं आणि मला बटण दाबायला सांगितलं. टप सरसर वर! अर्थची तार नव्या रंगावरच स्क्रूने आवळलेली होती. मीटर लावला की बारा व्होल्ट दिसायचे, पण भार पडला की करंट जायचा कुठून? पॉलिश पेपरने रुपयाएवढा रंग खरवडला, काम झालं. जुनी मोटर मी तोवर टाकून दिली होती.

म्हणून आवाज ऐका. मोटर फिरते आणि टप हलत नाही, तर तेल बघा. काहीच आवाज नाही, तर अर्थ, बटण आणि वायरिंग. अधूनमधून टक्क करून बंद पडतं आणि थोड्या वेळाने पुन्हा चालतं, तर सर्किट ब्रेकर उडतोय, म्हणजे मोटर किंवा सांगाडा कुठेतरी जाम आहे. आणि काहीही तपासताना इंजिन चालू ठेवा, अर्धमेली बॅटरी सगळ्या चाचण्या खोट्या पाडते. (तेही इंजिन उघड्यावर चालू ठेवा, बंद जागेत नाही.) तुमचं नशीब म्हणा की तुमच्याकडे १९५७ ते ५९ ची फोर्ड स्कायलायनर नाही. तिचा अख्खा पत्र्याचा टप डिकीत जायचा आणि त्यासाठी सहाशे फुटांवर वायर होती.

टप वर आला आणि हुक चौकटीपर्यंत पोचेना, तर घाबरू नका. बरेच दिवस घडी घालून ठेवलेलं टपाचं व्हिनाइलचं कापड आखडतं. गाडी तासभर उन्हात लावा, कापड ऊबदार झालं की पुन्हा ओढून बघा. आधी एक हुक अर्धवट अडकवा, मग दुसरा, मग दोन्ही घट्ट करा. कागदावर कुठल्या बाजूला लाल डाग आला ते कमेंटमध्ये लिहा, पुढचं तिथे बोलू.