फोटोतला चपटा चंदेरी मासा गोसेखुर्दच्या पाण्यात सापडतो का?

नाही. भंडाऱ्याकडच्या ग्रुपवर 'गोसेखुर्दला सापडला' म्हणून फिरणाऱ्या फोटोतला मासा हॅचेटफिश आहे, खोल समुद्रातला. गोसेखुर्द धरण वैनगंगा नदीवर आहे, तिथे तो येणं शक्यच नाही.

तो साधारण २०० ते १००० मीटर खोलीवर, खाऱ्या पाण्यात राहतो. आपली धरणं, मालगुजारी तलाव, बोड्या सगळं गोडं पाणी, आणि तेवढी खोली तर कुठेच नाही. ५०० मीटरवर पाण्याचा दाब वरच्या हवेच्या पन्नासपट असतो.

लांबी बहुतेकदा बोटापेक्षा कमी, अंग कुऱ्हाडीच्या पात्यासारखं चपटं. खरी गंमत पोटाखाली आहे. तिथे प्रकाश देणाऱ्या ग्रंथींची रांग असते. वरून झिरपणाऱ्या अंधुक उजेडाइतकाच उजेड तो खाली सोडतो, त्यामुळे खालून पाहणाऱ्या शिकारी माशाला त्याची सावली दिसत नाही. चंदेरी कातडी आजूबाजूचा उजेड परतवते, म्हणून बाजूनेही तो सहज दिसत नाही. काही जातींचे डोळे तर कायम वरच रोखलेले, भक्ष्याची सावली टिपायला.

आपल्या ढिवर बांधवांच्या जाळ्यात येणारी बारीक चंदेरी मासळी वेगळी, तिच्या पोटाखाली दिवे नसतात. फोटो टाकणाऱ्याला एवढंच विचारा: जाळं किती खोल सोडलं होतं भाऊ?