शाळेला बस नसेल, तर नाशिकहून ऐरोलीला आल्यावर मुलांची ने-आण कशी करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीनिमित्त नाशिक सोडून ऐरोलीला यावे लागत आहे, मुलगा सातवीत आणि मुलगी तिसरीत आहे, आपण दोघेही नोकरी करता, पसंत पडलेल्या शाळेने बस नसल्याचे कळवले आहे, आणि घर ऐरोलीत घ्यावे की ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, हे अजून ठरलेले नाही. मी बदलीवर कोल्हापूरहून नवी मुंबईत आले. माझे कार्यालय बेलापूरला, पतीची नोकरी तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात आणि तीही पाळ्यांची, आणि दोन्ही मुलांच्या शाळेला बस नव्हती. त्यामुळे या विषयावर मी जे सांगेन ते रोजच्या व्यवहारातून आलेले आहे.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की खरी अडचण सकाळची नसून दुपारची असते. सकाळी घरातली सगळीच माणसे बाहेर पडत असतात, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटे इकडेतिकडे करून मुलांना शाळेच्या दारात सोडणे कसेही जमते. शाळा मात्र दुपारी सुटते, आणि त्या वेळी आई एका टोकाला, वडील दुसऱ्या टोकाला कामावर असतात. त्यात दोन भावंडे एकाच शाळेत असली तरी एकाच वेळी सुटतील असे नाही. अनेक शाळांमध्ये, विशेषतः मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळांमध्ये, सकाळ आणि दुपार अशी दोन अधिवेशने चालतात. शिवाय ८ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने पूर्व प्राथमिक ते इयत्ता चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय घेतला. लहान मुलांच्या झोपेच्या दृष्टीने हा निर्णय मला योग्यच वाटतो, परंतु त्यामुळे आपल्यासारख्या घरात सातवीतला मुलगा सात वाजता आणि तिसरीतली मुलगी नऊनंतर, अशा दोन फेऱ्या जाण्याच्या आणि दोन फेऱ्या येण्याच्या होऊ शकतात. म्हणून शाळेत चौकशीला जाल तेव्हा शुल्क आणि निकाल यांच्याआधी दोन्ही इयत्तांच्या भरण्या-सुटण्याच्या वेळा लिहून घ्या, शनिवारची वेळ वेगळी असल्यास तीही विचारा, आणि परीक्षेच्या दिवसांत शाळा किती वाजता सुटते हेही विचारा. परीक्षेच्या आठवड्यात शाळा लवकर सुटते आणि वर्षभर बसलेली घडी त्याच आठवड्यात विस्कटते.

घराबाबत माझे मत स्पष्ट आहे. आधी शाळा ठरवावी, मग शाळेपासून मुलांच्या पायांनी चालत जाता येईल एवढ्या अंतरात घर शोधावे, आणि कामावर जाण्याचा प्रवास मोठ्यांनी सोसावा. कार्यालयाजवळची शाळा निवडणारे पुष्कळ पालक मी पाहिले आहेत. मूल आपल्याबरोबर येईल आणि आपल्याबरोबर परत जाईल, हा त्यांचा विचार समजण्यासारखा आहे. परंतु मूल एक-दोन वाजता सुटते आणि आपण सहाला, आणि मधल्या वेळात त्या परक्या भागात त्याला ओळखणारे कोणी नसते. घराजवळच्या शाळेच्या बाबतीत शेजारी, वॉचमन, दुकानदार, वरच्या वर्गातली सोसायटीतली मुले, असे कितीतरी डोळे त्या मुलावर असतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचे महाराष्ट्राचे २०११ चे नियमही पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर हेच शेजारशाळेचे अंतर धरतात. खाजगी शाळेत प्रवेश घेणार असलात तरी अंतराचे हे माप आपल्या घरशोधाला लावून पाहावे. त्या टप्प्यात महानगरपालिकेची किंवा अनुदानित शाळा असेल तर ती प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय नाकारू नका. दूरच्या नावाजलेल्या शाळेसाठी तिसरीतल्या मुलीने रोज दीड-दोन तास वाहनात काढावेत हे मला कधीच पटलेले नाही.

या दृष्टीने नवी मुंबईची रचना आपल्याला अनुकूल आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या शासकीय महामंडळाने हे शहर नोड (म्हणजे ऐरोली, घणसोलीसारखी उपनगरे) आणि त्यांच्या आत सेक्टर अशा पद्धतीने आखले आणि शाळांसाठीचे भूखंड सेक्टरांच्या आतच ठेवले. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे येथे सेक्टरच्या आतल्या रस्त्यांनी, मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोहोचता येईल असे घर मिळू शकते. मात्र घर आणि शाळा एकाच नोडमध्ये आहेत एवढ्यावर समाधान मानू नका. या पट्ट्यात वसाहती मुख्यतः खाडीच्या बाजूला आणि कारखाने-आयटी पार्क डोंगराच्या बाजूला आहेत, आणि मधून ठाणे–बेलापूर रस्ता आणि ट्रान्सहार्बर रेल्वे जाते. पुढे खारघर आणि कामोठ्याकडे तेच काम शीव–पनवेल महामार्ग करतो. नकाशावर सातशे मीटर दिसणारी शाळा महामार्गाच्या पलीकडे असेल तर लहान मुलाच्या दृष्टीने ती फार दूर आहे. म्हणून घराचा करार करण्याआधी शाळा भरण्याच्या वेळी आणि पुन्हा शाळा सुटण्याच्या वेळी तो रस्ता दोन्ही मुलांना बरोबर घेऊन चालून पाहा. पदपथ आहे का, त्यावर गाड्या उभ्या असतात का, आणि रस्ता ओलांडायच्या ठिकाणी सिग्नल किंवा भुयारी मार्ग आहे का, हे तेवढ्या फेरीत कळते.

घोडबंदर रस्त्याविषयी विचारले आहे म्हणून सांगते. माझ्या नणंदेचे कुटुंब तिकडे राहते, आणि तिथे घरे मोठी, संकुले मोकळी आणि शाळाही पुष्कळ आहेत. परंतु मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळपासून कासारवडवलीपर्यंतचा तो सगळा भाग एकाच मुख्य रस्त्यावर अवलंबून आहे. त्याच रस्त्यावरून अवजड वाहने जातात आणि त्याच रस्त्यावर गेली काही वर्षे मेट्रो ४ चे काम चालले आहे. आपली नोकरी ऐरोलीत असल्यामुळे दुपारी शाळेतून फोन आला तर आपल्याला ठाणे शहर ओलांडून जावे लागेल. कळवा–विटाव्याच्या बाजूने निघालात तर विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पावसाळ्यात पाणी साचते, आणि मुलुंड–ऐरोली पुलाने निघालात तर पुढे पूर्व द्रुतगती महामार्गाची कोंडी आहे. आपल्यापैकी एकाची नोकरी ठाण्यातच असती किंवा घरी आजी-आजोबा असते तर मी घोडबंदरला नाही म्हटले नसते. आपण वर्णन केलेल्या परिस्थितीत मी ऐरोली किंवा फार तर घणसोली सुचवीन.

सर्व प्रयत्न करूनही चालत जाण्याच्या अंतरात घर मिळाले नाही, तर बहुतेक पालकांप्रमाणे आपणही रिक्षावाल्या किंवा व्हॅनवाल्या काकांकडे वळाल. त्यात कमीपणा काही नाही. वर्षानुवर्षे एकाच शाळेची मुले जिवापाड सांभाळून नेणारे काका मी पाहिले आहेत, आणि मुलांना त्यांचा लळाही लागतो. तरीही पहिल्याच भेटीत काही गोष्टी निःसंकोचपणे पाहाव्यात. वाहनाचा क्रमांक शासनाच्या एम-परिवहन ॲपवर टाकला की योग्यता प्रमाणपत्राची आणि विम्याची मुदत दिसते, आणि वाहन खाजगी म्हणून नोंदले आहे की प्रवासी वाहन म्हणून, तेही कळते. पांढऱ्या पाटीची खाजगी व्हॅन पैसे घेऊन मुले नेत असेल तर ते परवान्याविना चाललेले काम आहे, आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यात त्याचा त्रास पालकांनाच होऊ शकतो. रिक्षाचा परवाना तीन प्रवाशांचा असतो. पुढे चालकाच्या शेजारी मूल बसवणारी आणि दप्तरे बाहेर लटकवणारी रिक्षा कितीही स्वस्त पडली तरी ठरवू नका. आपले मूल किती जणांबरोबर बसणार आहे हे काकांना विचारून थांबू नका, शाळा सुटताना स्वतः उभे राहून मोजा. पैशांचे बोलतानाच मे महिन्याच्या सुटीचे पैसे द्यायचे की नाहीत, काका आजारी पडले तर बदली चालक कोण येणार, आणि तो येणार असल्यास आदल्या रात्री कळवणार का, हेही ठरवून घ्या. अनोळखी माणूस दारात उभा राहिला आणि मूल त्याच्याबरोबर निघून गेले, असे होऊ नये एवढ्यासाठी हे सगळे आहे.

शाळेकडे बस नाही म्हणून वाहतुकीशी शाळेचा काही संबंध नाही, असे उत्तर आपल्याला ऐकायला मिळू शकते. ते मान्य करू नका. महाराष्ट्राच्या २०११ च्या शालेय बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी, तिच्यात पालक-शिक्षक संघाचे आणि वाहतूक पोलिसांचे प्रतिनिधी असतात, आणि मुलांच्या सुरक्षित वाहतुकीकडे लक्ष देणे हे तिचे काम आहे. समितीची बैठक कधी आहे असे लेखी विचारा. दहा-बारा पालकांनी मिळून विचारले तर शाळा निदान फाटकासमोरची वाहनांची गर्दी आवरायला आणि सुटण्याच्या वेळी शिपाई उभा करायला तयार होते, असा माझा अनुभव आहे.

सोसायटीतल्या पालकांनी आळीपाळीने गाडी काढणे हाही चांगला मार्ग आहे, आणि आम्ही तो बराच काळ चालवला. यात देवाणघेवाण पाळ्यांची असावी, पैशांची नसावी. त्यामुळे हिशेबाच्या कुरबुरी होत नाहीत आणि खाजगी गाडीतून भाड्याने प्रवासी नेल्याचा प्रश्नही उद्भवत नाही. चारपेक्षा जास्त कुटुंबे घेऊ नका, कारण मग कोणाची तरी वाट पाहण्यातच उशीर होतो. प्रत्येक मुलाला पट्टा लावता येईल एवढीच मुले गाडीत बसवा. दुचाकीचे म्हणाल तर कायद्याने चालकामागे एकच व्यक्ती बसू शकते, त्यामुळे दोन्ही मुलांना एकाच स्कूटरवरून नेण्याचा बेत मनातून काढून टाका. चार वर्षांवरील मुलाला हेल्मेटही सक्तीचे आहे.

दुपारचा प्रश्न आमच्याकडे शेवटी पाळणाघराने सोडवला. शाळेच्या जवळच्या सोसायटीत घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या एक ताई शाळा सुटल्यावर स्वतः फाटकाशी येऊन चार-पाच मुलांना चालत घेऊन जात, जेवू घालत, गृहपाठाला बसवत. नवी मुंबईत दोघेही नोकरी करणारी कुटुंबे पुष्कळ असल्यामुळे अशी पाळणाघरे बहुतेक नोडमध्ये आहेत. त्यांचे पत्ते जाहिरातींपेक्षा शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आया आणि आज्या अधिक खात्रीने सांगतात. पाळणाघर निवडताना ते घराजवळ आहे की शाळेजवळ, यात शाळेजवळचे निवडा, कारण संध्याकाळी मुलीला घरी आणायला आपण असता, दुपारी कोणी नसते.

सातवीतल्या मुलाचा विचार मात्र वेगळा करावा. तो बारा-तेरा वर्षांचा असेल, आणि या वयात सवय लावली तर मूल महानगरपालिकेच्या बसने, म्हणजे नवी मुंबईत एनएमएमटीने आणि ठाण्यात टीएमटीने, व्यवस्थित जाऊ-येऊ शकते. शाळेच्या ओळखपत्रावर विद्यार्थी पासही निघतो. पहिले काही दिवस त्याच्याबरोबर बसने जा, नंतर मागच्या आसनावर बसून तो काय करतो ते पाहा, आणि मग त्याला एकट्याला सोडा. बस आलीच नाही तर काय करायचे, याची तालीम एकदा प्रत्यक्ष करून घ्या. सेक्टरच्या आतला रस्ता असेल तर सायकलही उत्तम. बहिणीला रोज आणण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकावी का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर नाही असे आहे. एखाद्या दिवशी त्याने तिला आणावे, पण तो स्वतः अजून लहान आहे आणि मोठ्या माणसाची रोजची जागा त्याला देऊ नये.

पावसाळ्याची तयारी जूनआधीच करायला हवी. मुसळधार पावसाचा इशारा आला की प्रशासन शाळांना सुटी जाहीर करते, आणि कधीकधी शाळा मधल्या सुटीतच मुलांना घरी सोडते. त्याच वेळी लोकल रखडलेल्या असतात आणि आपण कार्यालयात अडकलेलो असतो. अशा दिवशी चालत शाळेत पोहोचू शकतील अशा दोन घरांशी आधीच बोलून ठेवा, आणि त्या बदल्यात आपणही त्यांच्या मुलांसाठी उभे राहाल हे सांगा. नव्या गावात ओळखी कशा होणार, ही आपली काळजी मला समजते. मुले शाळेत गेली की या ओळखी लवकर होतात.

शेवटी वर्षाच्या मध्येच येण्याविषयी. शक्य असेल तर दिवाळीच्या सुटीनंतर, दुसऱ्या सत्राच्या आरंभी मुलांना आणा. आपल्यापैकी एकाने आधी येऊन शाळा, घर आणि पाळणाघर या क्रमाने ठरवावे. नाशिकच्या शाळेकडून दाखला मिळायला उशीर झाला तरी महापालिकेची किंवा अनुदानित शाळा केवळ तेवढ्या कारणाने प्रवेश अडवू शकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये ही तरतूद आहे. प्रवेशाच्याच दिवशी मुलांना नेण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे याचे पत्र छायाचित्रांसह वर्गशिक्षकांकडे द्या. त्यात काकांची, पाळणाघरातल्या ताईंची आणि त्या दोन घरांतल्या माणसांची नावे व फोन क्रमांक असू द्या, आणि त्या पत्राची पोच घ्या.